खुंट्याला बांधलेले भोवरे

हा तुकडा बघा. मागच्या रांगांना दिसणार नाही; आणि खरं सांगायचं तर पुढच्या रांगेलाही जे बघायला हवं ते दिसणार नाही. करंगळीच्या नखाएवढी पारदर्शक चकती आहे, कॅल्शियम फ्लोराइडची. तिच्या एका बाजूला काळपट, आरशासारखा चकाकणारा थर आहे. लोह, सेलेनियम आणि टेल्युरियम यांचा. जाडी १०० नॅनोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाचा सातशे-आठशेवा भाग. पुस्तकात याला 'पातळ पटल' म्हणतात. चांगला शब्द आहे, पण रात्री दोन वाजता पंप बंद पडला की प्रयोगशाळेत कोणी 'पटल' म्हणत नाही. आम्ही 'फिल्म' म्हणतो. आज तुम्हीही तसंच म्हणा.

ही फिल्म द्रव हेलियमच्या तापमानाला नेली की तिच्यातून वीज कोणताही रोध न होता वाहते. मग तिला मोठ्या चुंबकात ठेवायचं आणि ती किती प्रवाह सोसते ते मोजायचं. गेली कित्येक वर्षं मी हेच करते आहे. माझ्या आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, आणि मग?" आजचं व्याख्यान त्या 'आणि मग'चं आहे.

सुरुवात १९११ पासून करावी लागते, पण ती लवकर आटपते. लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा द्रव हेलियममध्ये गार केला आणि ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास, त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं फारसं कोणी सांगत नाही. ओनेसना लगेच हिशेब सुचला. रोध नाही म्हणजे तार तापणार नाही. तापणार नाही म्हणजे तिचं वेटोळं करून भरपूर प्रवाह सोडता येईल, आणि एक लाख गाउसचा, आजच्या भाषेत १० टेस्लाचा, चुंबक तयार होईल. १९१३ साली त्यांनी हे बोलूनही दाखवलं. मग शिशावर प्रयोग केले, तर काहीशे गाउसमध्येच अतिसंवाहकता पळाली. चुंबक बनवायला घेतलेल्या पदार्थाला चुंबकच सोसवेना. १० टेस्लाचा तो चुंबक प्रत्यक्षात यायला पुढे पन्नासएक वर्षं गेली.

वर्तमानपत्रांत अतिसंवाहकाची बातमी आली की तिच्यात एकच प्रश्न असतो: किती तापमानाला? प्रश्न चुकीचा नाही, पण निम्मा आहे. चुंबक बनवणारा माणूस दुसरा निम्मा विचारतो: एवढ्या चुंबकीय क्षेत्रात, दर चौरस सेंटिमीटरला किती अँपिअर? तापमानाच्या शर्यतीत लोह-अतिसंवाहक, म्हणजे माझ्या तुकड्यासारखे लोह असलेले अतिसंवाहक, फार पुढे नाहीत. या दुसऱ्या प्रश्नात मात्र त्यांनी भल्याभल्यांना विचार करायला लावलं.

टेस्ला म्हणजे किती, याचा अंदाज असू द्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला. रुग्णालयातला एमआरआय दीड किंवा तीन टेस्ला. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमधले वाकवणारे चुंबक ८.३ टेस्ला, ते नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे आहेत, आणि त्यासाठी ती तार १.९ केल्विनपर्यंत गार ठेवावी लागते. त्यावर नायोबियम-टिन, त्याची धाव वीस-बावीस टेस्लाच्या आसपास संपते. आज मी ज्या क्षेत्रांबद्दल बोलणार आहे ती ३० आणि ४५ टेस्लाची.

आता लोखंड. लोखंड आणि अतिसंवाहकता म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात. त्या जोडीतल्या दोघांचे स्पिन, म्हणजे दोन इवल्या चुंबकसुया, एकमेकींच्या उलट असतात. शेजारी लोहाचा चुंबकीय अणू आला की तो या सुया एकाच दिशेला ओढतो आणि जोडी फोडतो. नवे अतिसंवाहक शोधण्यात बर्न्ड मॅथियस यांचा हातखंडा होता. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे नियम असे: ऑक्सिजनपासून दूर राहा, चुंबकत्वापासून दूर राहा, विद्युतरोधकांपासून दूर राहा, आणि सिद्धांत मांडणाऱ्यांपासूनही दूर राहा. १९८६ नंतर सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांच्या अतिसंवाहकांनी यातले काही नियम मोडले. चुंबकत्वाचा नियम लोहानं मोडला.

तोही ठरवून नव्हे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेओ होसोनो पारदर्शक अर्धवाहकांवर काम करत होते. त्या वाटेवर त्यांच्या गटाला २००६ साली लॅन्थनम-लोह-फॉस्फरस-ऑक्सिजन हे संयुग चार केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होताना दिसलं. फारसं कोणी वळून पाहिलं नाही. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांनी फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घालून, थोडा फ्लोरिन मिसळून, २६ केल्विन गाठले, आणि जगभरातल्या भट्ट्या पेटल्या. चीनमधल्या गटांनी लॅन्थनमच्या जागी समेरियम घालून काही आठवड्यांत ५५ केल्विन गाठले. म्युनिकमध्ये बेरियम-लोह-आर्सेनिक निघालं, तैवानमध्ये नुसतं लोह-सेलेनियम. आम्ही त्यांना अणूंच्या प्रमाणावरून अनुक्रमे अशा हाका मारतो: 'वन-वन-वन-वन', 'वन-टू-टू', 'वन-वन'. बाहेरच्या माणसाला ते टेलिफोन नंबर वाटतात.

यात एक घरची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'वन-टू-टू'ची स्फटिकरचना जुन्याच घराण्यातली. त्याच रचनेत कार्बनचा एक अणू मध्ये बसवला की निकेल-बोरोकार्बाइडं तयार होतात. त्यातली इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बनची अतिसंवाहकता १९९४ साली कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडली होती. १२ केल्विनच्या आसपास. त्यातही निकेल, म्हणजे लोहाचा शेजारी, चुंबकीय धातू. लोहाची बातमी आली तेव्हा कुलाब्यातल्या जुन्या मंडळींना हे अगदीच परकं वाटलं नसावं, असा माझा आपला अंदाज.

आता भोवऱ्यांकडे येऊ. इथे जरा थांबते, कारण हे समजलं नाही तर पुढचं सगळं आकड्यांचं भारूड होईल.

शिशासारखा अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला आत येऊच देत नाही, आणि रेटा असह्य झाला की एकदम हार मानतो. दुसऱ्या जातीचे अतिसंवाहक तडजोड करतात. ते क्षेत्राला आत घेतात, पण बारीक बारीक नळ्यांतून. प्रत्येक नळीच्या गाभ्यात अतिसंवाहकता मेलेली असते, भोवती प्रवाह गोल फिरत असतो, आणि बाहेर सगळं सुरळीत. या नळ्यांना आम्ही भोवरे म्हणतो. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली हे कागदावर मांडलं. नोबेल मिळायला २००३ उजाडलं. गंमत म्हणजे प्रत्येक भोवऱ्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स, म्हणजे चुंबकरेषांचा एकूण भरणा, तोच आणि तेवढाच असतो. क्षेत्र वाढवलं म्हणून भोवरा जाड होत नाही, भोवऱ्यांची संख्या वाढते. एक टेस्लाला एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ४,८०० कोटी भोवरे. ४५ टेस्लाला दोन लाख कोटींच्या वर.

म्हणजे गर्दी. एक टेस्लाला दोन भोवऱ्यांमध्ये साधारण ४९ नॅनोमीटर अंतर असतं. १० टेस्लाला साडेपंधरा. ४५ टेस्लाला सव्वासात. आणि लोह-अतिसंवाहकात भोवऱ्याच्या मेलेल्या गाभ्याची त्रिज्या असते दोन-अडीच नॅनोमीटर, म्हणजे व्यास पाचच्या आसपास. सव्वासात नॅनोमीटरवर पाच नॅनोमीटरचे खांब! सहा वाजून दहा मिनिटांची कल्याण लोकल डोळ्यांसमोर आणा. गाभे एकमेकांत मिसळले की अतिसंवाहक उरतच नाही; त्या क्षेत्राला 'वरचं क्रांतिक क्षेत्र' म्हणतात. त्रिज्या अडीच नॅनोमीटर धरली तर गणित साधारण ५३ टेस्ला सांगतं. लोहाची पहिली ताकद इथे आहे: गाभा इतका बारीक की गर्दी असह्य व्हायला पन्नास टेस्ला लागतात.

आणखी एक अडचण असते. क्षेत्र इलेक्ट्रॉनांच्या चुंबकसुयाही एका दिशेला वळवू पाहतं आणि जोडी तिथूनही तुटू शकते. ज्या तापमानाखाली अतिसंवाहकता सुरू होते त्याला 'क्रांतिक तापमान' म्हणतात; या तुटीची साध्या सिद्धांताप्रमाणे मर्यादा म्हणजे केल्विनमधल्या त्या आकड्याच्या १.८४ पट टेस्ला. लोह-सेलेनियम-टेल्युरियमचा स्फटिक १५ केल्विनला अतिसंवाहक होतो. म्हणजे २८ टेस्लाच्या पलीकडे त्यानं जायला नको. प्रत्यक्षात तो ४५ च्या पुढे जातो. यातल्या जोड्या साध्या सिद्धांतात धरल्या आहेत त्यापेक्षा घट्ट बांधलेल्या आहेत, आणि इलेक्ट्रॉनांचे एकाहून जास्त पट्टे, म्हणजे त्यांच्या ऊर्जेच्या वाटा, एकाच वेळी कामाला लागलेले असतात.

पण पन्नास टेस्लाला अतिसंवाहकता शिल्लक आहे म्हणजे तिथे प्रवाह वाहून नेता येतो, असं नव्हे. इथे माझा धंदा सुरू होतो.

प्रवाह सोडला की तो भोवऱ्यांना आडवं ढकलतो. भोवरा सरकला की त्याच्यामागे विद्युतदाब निर्माण होतो. दाब आला म्हणजे रोध आला, रोध आला म्हणजे उष्णता आली. शुद्ध, एकही दोष नसलेला, अतिसुंदर स्फटिक घ्या: त्यात भोवरे लोण्यावरून सुरी फिरावी तसे सरकतात, आणि असा अतिसंवाहक चुंबकासाठी कवडीच्या मोलाचा असतो. भोवऱ्याला कुठेतरी अडकवायला हवं. अडकवायचं कसं? भोवऱ्याचा गाभा मेलेला असतो आणि तो मारायला ऊर्जा खर्च होते. पदार्थात आधीच एखादी मेलेली जागा असेल, छिद्र, परक्या पदार्थाचा कण, वाकलेला स्फटिक, तर भोवरा तिथे फुकटात बसतो आणि उठायला तयार होत नाही. खुंट्याला गाय बांधावी तसा. इंग्रजीतून आलेला 'पिनिंग' हा शब्द आम्ही वापरतो, पण मला खुंटाच बरा वाटतो, कारण दावं तुटेपर्यंतचा जोरही त्यात येतो. तेवढा जोर लावणारा प्रवाह म्हणजे 'क्रांतिक प्रवाह'.

कुकडी नदीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. तिथे पाण्याच्या भोवऱ्यांनी दगडात खळगे कोरले. आमच्याकडे उलटं आहे: आधी खळगा कोरायचा आणि भोवऱ्याला त्यात बसायला बोलवायचं.

म्हणून फिल्म. एक मिलिमीटरचा स्फटिक भट्टीत वाढवला तर त्यातले दोष देव देईल तसे. फिल्म मात्र थर थर रचली जाते. निर्वात पेटीत लेझरचा झोत पदार्थाच्या वडीवर आदळतो, जांभळट ज्योत उठते, आणि अणू समोरच्या तापवलेल्या चकतीवर जाऊन बसतात. खालच्या चकतीच्या जाळीप्रमाणे वरची जाळी ओळीत लागते. चकती बदलली की फिल्म ताणली किंवा दाबली जाते. कॅल्शियम फ्लोराइडवर ही लोह-सेलेनियम-टेल्युरियमची फिल्म अशी दाबली जाते की तिचं क्रांतिक तापमान स्फटिकापेक्षा तीन-चार केल्विननं वर चढतं. मध्ये एखादा परका थर घालता येतो, अशुद्धी पेरता येते. खुंटे कुठे आणि किती अंतरावर, हे काही प्रमाणात आपल्या हातात येतं.

फिल्मचा दुसरा फायदा अगदी व्यवहारी आहे. ४५ टेस्लामध्ये एक मीटर तारेतून १०० अँपिअर सोडले, तर तिच्यावर ४,५०० न्यूटन बल येतं. साडेचारशे किलोचं ओझं टांगल्यासारखं. फिल्मवर आम्ही ५० मायक्रॉन रुंदीचा पूल कोरतो. १०० नॅनोमीटर जाडी धरली तर 'दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअर' ही भारदस्त घनता मोजायला प्रत्यक्षात पाच मिलिअँपिअर पुरतात. टॉर्चमधला दिवासुद्धा नीट लागणार नाही. तुलनेसाठी, घरातल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून वीसेक अँपिअर जातात. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८००.

आता प्रत्यक्ष फिल्मा. पहिली मॅडिसनची, विस्कॉन्सिन विद्यापीठातली. बेरियम-लोह-आर्सेनिकमध्ये थोडा कोबाल्ट. ऑक्साइडच्या चकतीवर ही नीट बसेना, म्हणून चँग-बोम ओम यांच्या गटानं मध्ये स्ट्राँशियम टायटनेटचा थर घातला आणि २०१० मध्ये जवळजवळ एकसंध स्फटिकासारखी फिल्म मिळवली. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फिल्ममध्ये उभे खांब! कुठून तरी शिरलेला ऑक्सिजन बेरियम आणि लोहाशी मिळून त्यानं पाच नॅनोमीटर जाडीचे खांब उभारले होते, एकमेकांपासून सोळा-सतरा नॅनोमीटरवर. कोणी मागवलेले नव्हते. पाच नॅनोमीटर म्हणजे नेमका भोवऱ्याच्या गाभ्याचा व्यास, आणि सोळा-सतरा म्हणजे आठ-नऊ टेस्लाला भोवऱ्यांमध्ये जे अंतर असतं तेवढंच. जोडे अंदाजानं घ्यावेत आणि मापात निघावेत. थराला लंब दिशेनं क्षेत्र लावलं की प्रवाह घटायला हवा. इथे तो त्याच दिशेला जास्त टिकला, कारण खांब उभे होते आणि भोवराही उभा, त्यामुळे तो डोक्यापासून पायापर्यंत खांबात बसला. नंतर त्या गटानं ऑक्सिजन मुद्दाम मोजून मिसळला आणि मध्ये मध्ये परके थर घालून आडवे खुंटेही ठोकले. पण सुरुवात चुकून शिरलेल्या ऑक्सिजनची. मॅथियस यांचा नियम पुन्हा एकदा मोडला.

चुकून शिरलेल्या गोष्टींवरून आठवलं. होसोनोंच्याच गटानं २००९ मध्ये पाहिलं की शुद्ध स्ट्राँशियम-लोह-आर्सेनिकची फिल्म, जी अतिसंवाहक नसते, ती दमट हवेत ठेवली की २५ केल्विनला अतिसंवाहक होते. पाण्याच्या वाफेनं! आणि त्सुकुबाच्या एका प्रयोगशाळेत लोह-टेल्युरियम-गंधकाचे तुकडे दारूत बुडवून ७० अंशांवर एक दिवस ठेवले, तर तेही सुधारले. बिअर, साके, व्हिस्की सगळं करून पाहिलं. रेड वाइन जिंकली. हसू नका, नंतर कारणही सापडलं: वाइनमधली सेंद्रिय आम्लं जास्तीचं लोह काढून टाकतात. आमच्याकडे मी हा प्रयोग सुचवला होता, पण खरेदीच्या अर्जात 'रसायन' या रकान्यात काय लिहायचं यावर गाडी अडली.

दुसरी फिल्म ब्रुकहेवनची, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या प्रयोगशाळेतली. माझ्या हातातल्या तुकड्याची सख्खी बहीण. चियांग ली यांच्या गटानं २०१३ मध्ये लोह-सेलेनियम-टेल्युरियम सिरियम ऑक्साइडच्या थरावर वाढवलं. आणि नुसत्या महागड्या स्फटिकावर नाही, तर लवचीक धातूच्या पट्टीवरही. तांब्याच्या ऑक्साइडांसाठी जी लाटून तयार करतात, तीच पट्टी. द्रव हेलियमच्या तापमानाला, बाहेरचं क्षेत्र नसताना चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअरच्या वर, आणि ३० टेस्लाला एक लाखाच्या घरात. शून्यापासून ३० टेस्लापर्यंत गेलं आणि प्रवाह फक्त दहापट घसरला! नायोबियमच्या तारा ३० टेस्लाला केव्हाच्या थंडावलेल्या असतात. थंडावलेल्या कसल्या, तापलेल्या.

आणि जवळजवळ सगळ्या दिशांना सारखं. या मुद्द्यावर मला जरा रेंगाळायचं आहे. तांब्याचे ऑक्साइड म्हणजे थरांची चवड. क्षेत्र थरांना समांतर असेल तर भोवरे थरांमध्ये सुखानं बसतात, लंब असेल तर हाल. चुंबकाच्या वेटोळ्यात मध्यभागी क्षेत्र सरळ असतं, पण दोन्ही टोकांशी ते वळतं, आणि तिथल्या तारेला तिरकं लागतं. सगळ्या वेटोळ्यातून प्रवाह एकच जाणार, तेव्हा टोकाशी जेवढा झेपेल तेवढाच मध्येही. लोह-अतिसंवाहकसुद्धा थरांचेच बनलेले आहेत, म्हणून तेही तसेच तऱ्हेवाईक निघतील अशी भीती होती. २००९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ६० टेस्लापर्यंतच्या क्षणिक क्षेत्रात पोटॅशियम मिसळलेला 'वन-टू-टू'चा स्फटिक मोजला, आणि गार होत गेला तसतसा दोन्ही दिशांमधला फरक मिटत गेला. रचना चवडीची, वागणं ठोकळ्याचं. चुंबक बनवणाऱ्याला याहून गोड बातमी नाही.

तिसरी फिल्म या सगळ्यांची थोरली, समेरियमची. तापमान सगळ्यांत वर, पन्नास केल्विनच्या पलीकडे. आणि बनवायला तेवढीच छळवादी, कारण तिच्यात फ्लोरिन लागतो आणि गरम निर्वात पेटीत फ्लोरिन टिकत नाही. जपानमधल्या नागोयाच्या गटानं आधी फिल्म वाढवायची, वर समेरियम फ्लोराइडचा थर द्यायचा आणि त्यातून फ्लोरिन आत मुरवायचा अशी युक्ती काढली. लोणच्यात मीठ मुरतं तसा. ती फिल्म मग फ्लोरिडामधल्या टॅलाहासीला, तिथल्या ४५ टेस्लाच्या चुंबकात मोजायला गेली.

टॅलाहासीच्या त्या चुंबकाशेजारी मी एकदाच उभी राहिले आहे, पाहुणी म्हणून. दुमजली घराएवढा. बाहेरचं वेटोळं अतिसंवाहक, ते साडेअकरा टेस्ला देतं. आतलं तांब्याच्या चकत्यांचं, ते साडेतेहतीस. मिळून ४५. आतलं वेटोळं चालवायला तीसेक मेगावॅट वीज लागते, आणि ती सगळी उष्णता होऊन थंड पाण्याबरोबर वाहून जाते. बाहेरचं सतत चालू असतं, त्यामुळे मोजणी शून्यापासून सुरूच होत नाही. साडेअकरापासून वर जायचं आणि परत यायचं. जगभरातून अर्ज येतात, मोजके तास मिळतात. जोडणीची चांदीची पेस्ट नेमकी तेव्हाच सुटते. ही तक्रार नाही, निसर्गनियम आहे.

तर समेरियमच्या त्या फिल्मनं ४५ टेस्लाला, ४.२ केल्विनला, क्षेत्र समांतर असो की लंब, चौरस सेंटिमीटरला एक लाखाच्या वर अँपिअर वाहून दाखवले. घरातल्या तारेच्या सव्वाशे पट, आणि तेही भोवरे सव्वासात नॅनोमीटरवर कोंबलेले असताना. हा निकाल २०१३ सालचा. मला तो आजही थोडा अविश्वसनीय वाटतो. ही फिल्म क्षेत्राच्या कोनाबाबत मात्र नखरेल आहे. क्षेत्र थरांना अगदी समांतर आलं की भोवऱ्याचा गाभा दोन लोहथरांच्या मधल्या गल्लीत शिरतो. तिथे खुंटा निसर्गानंच दिलेला असतो.

खुंटे ठोकण्यात एक जुनी कुरबुर आहे. दोष वाढवले की भोवरे अडकतात, पण पदार्थ बिघडतो आणि क्रांतिक तापमान उतरतं. एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं. ब्रुकहेवनच्याच गटानं २०१६ मध्ये हे दोन्ही एकदम साधलं. त्यांनी लोह-सेलेनियम-टेल्युरियमच्या फिल्मवर कमी ऊर्जेचे, १९० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, प्रोटॉन मारले. प्रोटॉन जिथे अणूंना धक्के देत गेला तिथे दोषांची साखळी झाली, आणि त्या साखळीच्या आजूबाजूला स्फटिक दाबला गेला. हा पदार्थ दाबला की खूश होतो हे मघाशी सांगितलंच. तापमान १८ वरून १८.५ केल्विन झालं. ४.२ केल्विनला, क्षेत्र नसताना प्रवाह दुप्पट. १२ केल्विनला, १५ टेस्लाच्या वर दहापट. अर्धा केल्विन म्हणजे काहीच नाही म्हणाल. पण दोष वाढवून तापमान वाढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: "तांब्याचे ऑक्साइड द्रव नायट्रोजनमध्ये चालतात, मग हे का?" प्रश्न रास्त आहे, कारण त्यांना द्रव हेलियमइतकी थंडी लागत नाही, आणि उत्तर सोयीस्कर देणार नाही. नुसत्या प्रवाहघनतेत तांब्याच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आजही पुढे आहेत. टॅलाहासीला त्यांच्या वेटोळ्यांच्या मदतीनं २०१७ मध्ये ३२ टेस्लाचा पूर्ण अतिसंवाहक चुंबक उभा राहिला, आणि २०१९ मध्ये एका छोट्या वेटोळ्यानं ३१ टेस्लाच्या पार्श्वक्षेत्रात बसून एकूण साडेपंचेचाळीस गाठले. तिथे लोहाचं अजून काही नाही. फरक दुसरीकडे आहे. पट्टीतला पदार्थ म्हणजे असंख्य कणांची फरशी. गवंड्यानं एक फरशी शेजारच्या फरशीपेक्षा किंचित तिरकी बसवली तर घरात काही बिघडत नाही. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तीन ते पाच अंशांचा तिरकेपणा आला की सांध्यावर प्रवाह झपाट्यानं कोसळू लागतो. म्हणून त्या पट्ट्या किलोमीटरभर अचूक ओळीत लावाव्या लागतात, आणि म्हणून त्या महाग. लोहाच्या 'वन-टू-टू'मध्ये ही हद्द नऊ अंशांवर आहे, आणि त्यापुढची घसरणही सौम्य आहे. हे होसोनोंच्याच गटानं २०११ मध्ये, दोन स्फटिक ठरावीक कोनात जोडून केलेल्या चकत्यांवर फिल्म वाढवून मोजलं. चार ते सहा अंशांची सवलत. पण कारखान्यात ती सवलत म्हणजे अचूक पट्टीऐवजी साधी तार.

तशी तार बीजिंगमध्ये ओढलीही आहे. चांदीच्या नळीत स्ट्राँशियम-लोह-आर्सेनिकची पूड ठासायची, नळी लांबवत न्यायची, तापवायची. २०१६ मध्ये अशी १०० मीटरची तार झाली. चीनच्या भावी कोलायडरच्या आराखड्यात चुंबकांसाठी लोह-अतिसंवाहकच धरले आहेत. आर्सेनिकबद्दल विचारणार असाल तर, हो, विषारी आहे. पूड हाताळणाऱ्याला हातमोज्यांच्या पेटीतच काम करावं लागतं. माझ्या तुकड्यात ते नाही, म्हणून तो इथवर आणू शकले.

फिल्म आणि तार यांच्यामध्ये मोठी दरी आहे, आणि माझ्या कामाची जागा ती आहे. फिल्ममध्ये मी खुंटा पाच नॅनोमीटरचा मागते आणि कधी कधी तो मिळतो. तारेत पूड जशी दबेल तशी दबते. भेगा पडतात, कणांच्या मध्ये परके थर बसतात, आणि प्रवाह सांध्यावर अडतो, भोवऱ्यापर्यंत पोचतच नाही. ४५ टेस्लाला चौरस सेंटिमीटरला लाख अँपिअर हे या पदार्थाला जमतं, एवढं फिल्मनं दाखवलं. तारेला ते कशानं जमत नाही, याची यादी करणं आता चाललंय, आणि दर वर्षी त्यातलं एखादं कलम खोडलं जातं.

चहा बाहेर मांडला आहे. तुकडा मी टेबलावर ठेवून जाते, ज्यांना बघायचाय त्यांनी डबीच्या काचेतून बघा. झाकण उघडू नका. मागच्या पावसाळ्यात याचाच जोडीदार खणात उघडा राहिला होता. स्ट्राँशियमच्या फिल्मला दमट हवा मानवली असेल, याला नाही मानवली.